एसीला पाच तारे, फिटिंगच्या सर्व्हिसबद्दल मात्र सविस्तर

मशीनचं आधी सांगून टाकतो, बरेच जण तेवढंच वाचायला येतात. दीड टन, इन्व्हर्टर, थ्री स्टार, स्प्लिट. एप्रिल २०२५ मध्ये घेतला. आमची खोली बारा बाय तेराची आणि भिंत पश्चिमेची, दुपारी दोननंतर तिला पाठ टेकवता येत नाही अशी. तशा दुपारीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटांत खोली निवते. २६वर ठेवून सोबत पंखा चालू ठेवला की पुरतं. आवाज नाही, आत पाण्याचा थेंब नाही, गॅस कमी झाला नाही. पाचपैकी पाच. हळहळ एकच, आम्ही घेतला तेव्हा एसीवर जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ झाला. पण मुलगी बाळंतपणाला आली होती आणि बाळ-बाळंतिणीला कुलरची ओली हवा नको होती. सप्टेंबरची वाट पाहणं शक्यच नव्हतं.

मला लिहायचं आहे ते हा एसी घरी येऊन बसवून देण्याच्या सर्व्हिसबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, नेमकी तारीखही लिहीत नाही. नाव आणि तारीख लिहिली तर एरिया जुळवून तो पोरगा कोण हे त्यांना पाच मिनिटांत कळेल, आणि माझ्यामुळे त्याचं एकदा नुकसान झालेलं आहे. ते कसं झालं तेच सांगायचं आहे.

मी वीज खात्यात ३२ वर्षं लाइनमन होतो, १९८७ ते २०१९. उंचावर काम करणारा माणूस कसा उभा राहतो, हात कुठे ठेवतो, घाईत असला की काय विसरतो, हे मला लांबून दिसतं. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश होतं, त्या दिवशी दुपारी मी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर होतो. त्यामुळे उन्हात काम म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको.

एसी दुकानातून दुसऱ्या दिवशी घरी आला. फिटिंगवाला यायला पाच दिवस लागले. दोनदा वेळ दिली, दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा फोनवरची मुलगी म्हणाली, टेक्निशियन आला होता, घर बंद होतं. आमच्या घरी त्या दिवसांत बाळंतीण, तिची आई, मी आणि येणारे-जाणारे, घर बंद असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मी त्या न आलेल्या माणसावर जाम चिडलो. नंतर कळलं की त्याच्या नावावर एका दिवसाला सात-आठ कॉल टाकतात. जे संध्याकाळपर्यंत होत नाहीत ते रात्री ‘घर बंद’ म्हणून पुढे सरकवतात, आणि हे सरकवणं सर्व्हिस सेंटरमधून होतं. त्याला ते सकाळी ॲप उघडल्यावर दिसतं.

सहाव्या दिवशी दुपारी सव्वाबाराला तो आला. पारा ४४च्या घरात. त्याच दिवसांत आपल्याकडे दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना उन्हात थांबावं लागू नये म्हणून, आणि पेपरात रोज येतं की बारा ते चार बाहेर पडू नका. हा कामठीहून गाडीवर आलेला. डोक्याला दुपट्टा, पाठीवर हत्यारांची बॅग, पायांत ड्रिल मशीनची पेटी, मागच्या सीटवर दोरीने बांधलेला लोखंडी स्टँड. वय पंचवीस-सव्वीस. एकटाच. मी विचारलं, भाऊ, हेल्पर कुठे आहे? म्हणाला, “हेल्पर आणला तर त्याची रोजी माझ्याच खिशातून जाते जी काका.”

स्प्लिटचं बाहेरचं युनिट तीसेक किलोचं असतं. ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर काढून भिंतीवरच्या स्टँडवर ठेवायचं, चार नटबोल्ट आवळायचे, तेही एकट्याने. मी वॉचमनला वर बोलावून घेतलं.

आतलं काम त्याने मन लावून केलं. पाठीमागची पत्र्याची प्लेट लावताना स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत दोनदा स्क्रू सैल केले. भिंतीला आरपार भोक पाडताना मशीन बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकतं धरलं, म्हणजे ड्रेनचं पाणी आपोआप बाहेर उतरतं. ज्यांच्या घरी एसीतून पलंगावर पाणी गळतं त्यांच्याकडे बहुधा हीच दोन मिनिटं वाचवलेली असतात. भोक पाडण्याआधी मला विचारलं, “या भिंतीतून वायर तर नाही गेली ना?” लाइनमनला हा प्रश्न विचारणारा माणूस मला तिथेच आवडला.

मग तो दुपट्टा परत गुंडाळून खिडकीच्या चौकटीवर चढला आणि एक पाय बाहेर छज्ज्यावर टाकला.

तो छज्जा दीड फुटाचा आहे. बाहेरून प्लास्टर उडालेलं, वर कबुतरांची घाण. त्याच्या अंगावर दोरीसुद्धा नव्हती. एका हातात ड्रिल, दुसरा हात खिडकीच्या गजावर, आणि ड्रिल दाबायला दोन्ही हात लागतात, म्हणजे तो हात सुटणारच होता. मी ओरडलो, “आत ये!” तो दचकला. त्याला वाटलं काहीतरी फुटलं.

निवृत्तीनंतर गच्चीवरच्या टाकीच्या कामासाठी मी स्वतःच्या पैशांनी फुल बॉडी हार्नेस घेऊन ठेवलेला आहे, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतलेला. माळ्यावरून काढला, शिवण आणि हूक तपासले, त्याच्या दोन्ही मांड्यांतून पट्टे घेऊन छातीवर बकल लावलं. दोरीचा हूक गॅलरीच्या सिमेंटच्या कॉलमला फेरा घेऊन अडकवला. खिडकीच्या गजाला नाही, गज ओढ बसल्यावर चौकटीसकट निघतो. त्याने हार्नेस आयुष्यात पहिल्यांदा घातला होता. आधी म्हणाला, “सवय नाही जी काका, हात अडकून राहिला.” दहा मिनिटांनी बाहेरून आवाज आला, “काका, यात दोन्ही हातांनी काम होते!”

मी विचारलं, कंपनी देत नाही का? म्हणाला, ट्रेनिंगमध्ये दाखवला होता, फोटो काढायला घातलाही होता. मग तो परत घेतला.

आम्हाला खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याचं परमिट घ्यावं लागायचं, अर्थिंगचा रॉड लावावा लागायचा, हातमोजे, बेल्ट. आमच्यातही कंटाळा करणारे होते आणि कंटाळा केलेल्या एकाला मी स्वतः उचलून मेडिकल हॉस्पिटलला नेलं आहे. पण बेल्ट तरी होता. न घालणं ही आमची चूक होती. या पोराकडे घालायलाच नाही, मग चूक त्याची कशी म्हणायची?

आता विक्रीचं. हा सगळा प्रकार मला जसा दिसला तसा लिहितो.

बाहेरचं युनिट बसलं, तांब्याचे पाइप आले. त्याने पाइपचं तोंड कापून, आतला बुरा काढून, तोंड पसरट करून (फ्लेअर करून) नट लावले. यापुढचं काम म्हणजे पाइपातली हवा आणि ओल काढून टाकणं, व्हॅक्यूम करणं. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. नेमकं तिथे त्याचा फोन वाजला. हात तेलकट म्हणून स्पीकरवर घेतला. पलीकडून पहिलाच प्रश्न, “एएमसी झाली का?” एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. फिटिंग कुठवर आलं, पोहोचला का, जेवला का, काही नाही. एएमसी झाली का. हा म्हणाला, “विचारतो सर.” पलीकडून, “आज तुझे झिरो आहेत. दोन वाजेपर्यंत तो कॉल क्लोज कर आणि पुढे निघ.”

फोन ठेवून तो स्टुलावर बसला आणि मोबाइलच्या स्क्रीनवरून वाचायला लागला. इतका वेळ माझ्याशी मोकळेपणाने बोलणारा पोट्टा एकदम शाळेतल्या धड्यासारखं एका सुरात वाचू लागला. स्टॅबिलायझर घेणार का, साडेचार हजार. बाहेरच्या युनिटला कव्हर घेणार का. एक्स्टेंडेड वॉरंटी. तीन वर्षांची एएमसी आजच घेतली तर सूट, उद्या मिळणार नाही. घरातला फ्रिज कोणत्या कंपनीचा, किती वर्षं जुना. वॉशिंग मशीन आहे का. वॉटर प्युरिफायर आहे का, कधी घेतला.

शेवटच्या प्रश्नांवर मुलीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या फ्रिजचं वय यांना कशाला हवं? त्याने मान खाली घातली. “भरा लागते जी काकू. रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे जात नाही.”

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर मी मीटर आणला आणि त्याच्यासमोर सॉकेटला लावला. २३४ व्होल्ट. खोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की या मशीनला अमुक ते अमुक व्होल्टेजमध्ये वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. तो म्हणाला, “मले माहीत आहे. तुमच्याकडे गरज नाही. पण ‘नाही’ लिहिलं तर कारण टाका लागते, आणि दिवसात पाच ‘नाही’ झाले की संध्याकाळी फोन येते.” आणि एएमसी? मशीनला पहिलं वर्ष पूर्ण वॉरंटी आहे, कॉम्प्रेसरला दहा वर्षं. खोकं उघडून दोन तास झालेल्या मशीनची एएमसी त्याच दिवशी घ्यायची निकड काय? पहिल्या वर्षात दुरुस्ती फुकटच आहे, सर्व्हिसिंगचे पैसे लागले तर त्या त्या वेळी देता येतात. मी घेतली नाही.

यात वेळ किती गेला? मी घड्याळ पाहिलं, अठरा मिनिटं. आणि मग तो म्हणाला, “काका, गॅस मारून हवा काढून देतो, दोन मिनिटांत होते.”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हॅक्यूम पंप लावून पंधरा-वीस मिनिटं पाइप रिकामे करायचे, मग गेजचा काटा जागच्या जागी राहतो का ते बघायचं, मग ॲलन कीने व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडायचा, ही बरोबर पद्धत. वेळ नसलेले लोक मशीनमधलाच थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलतात. त्यात ओल आत राहते आणि ती पुढे कॉम्प्रेसरला खाते, भरलेला गॅसही तेवढा कमी होतो. त्यातून आजकालच्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो थोडासा का होईना पेट घेणारा आहे. तो असा मोकळा सोडणं धोक्याचंच. ग्राहकाला त्या दिवशी काहीच कळत नाही, एसी गारच वारा देतो. त्रास दोन-तीन उन्हाळ्यांनी होतो.

मी म्हटलं, पंप आहे ना बॅगेत? म्हणाला आहे. मग लाव. पुढच्या कॉलला उशीर झाला तर माझं नाव सांग. त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. पंप काढला, होज लावला, चालू केला. “आयटीआयत सरांनी अर्धा तास लावायला शिकवलं होतं,” म्हणाला. रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड त्याने पूर्ण केलेला आहे. काम येत होतं, करायचीही इच्छा होती. वेळ मात्र त्या फॉर्मने खाल्ला होता. ती अठरा मिनिटं ज्या कामाला हवी होती तेच काम सोडून द्यायची पाळी आली होती. कंपनीला माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

पंप चालू असताना मुलीच्या आईने पन्हं दिलं. दोन पेले प्यायला. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघाला होता, डबा बॅगेत तसाच. खाली बसून जेव म्हटलं तर चार पोळ्या आणि वांग्याची भाजी तिथेच पंपाच्या आवाजात खाल्ली. तेव्हा बोलला.

पगार नाही, कॉलमागे पैसे. एका फिटिंगचे त्याच्या हातात साडेतीनशे येतात, आम्ही भरतो त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेही नाहीत. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, ड्रिलचे बिट त्याचे. स्टँड आणि जास्तीच्या पाइपवर थोडं कमिशन, एएमसीवर सगळ्यात जास्त. म्हणजे घर चालतं ते विक्रीवर. तीस दिवसांत त्याच घरून तक्रार आली तर पुन्हा फुकट जायचं. फेब्रुवारी ते जून कमाई, पावसाळ्यात अर्धीही नाही, दिवाळीनंतर गीझर आणि प्युरिफायरचे कॉल. सर्व्हिस सेंटर एका ठेकेदाराचं, त्याने अपॉइंटमेंट लेटर दिलेलं नाही. अंगावर कंपनीचा शर्ट आहे, त्याचेही पैसे कापलेले.

मी विचारलं, विमा? सोमवारीपेठेच्या विमा हॉस्पिटलचं कार्ड? नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आणि महिना २१ हजारांपर्यंत पगार असला तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो, पण हा ना ठेकेदाराच्या रजिस्टरवर, ना कंपनीच्या. ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, कार्ड त्याच्याकडे होतं, सेतूवाल्याने काढून दिलेलं. त्याचा उपयोग काय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. छज्ज्यावरून पडला असता तर? तो हसला नाही, काही बोललाही नाही, पोळीचा तुकडा मोडत राहिला.

व्हॅक्यूम झाला. काटा दहा मिनिटं हलला नाही. नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं, आले नाहीत. एसी चालू केला, क्लॅम्प मीटरने ॲम्पिअर पाहिले, जाळीपाशी थर्मामीटर धरला, बारा अंश. खोलीत येऊन मुलीने हात वर करून वारा घेतला आणि म्हणाली, “आता झोपेल हो बाळ.”

मग कोड. काम झाल्यावर आपल्या मोबाइलवर चार आकडे येतात, ते दिले की कॉल क्लोज होतो. त्या कोडच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की पूर्ण समाधान झाल्यावरच द्या. पण तो कोड त्याच्याकडून पंप चालू असतानाच दोनदा फोन करून मागितला गेला, कारण दोन वाजून गेले होते आणि वरच्यांच्या स्क्रीनवर कॉल लाल दिसत होता. मी सगळं तपासूनच दिला. तुम्हीही तसंच करा, पण तो लवकर मागतो म्हणून पोरावर ओरडू नका.

इथपर्यंत ठीक होतं. पुढची चूक माझी.

संध्याकाळी मेसेज आला, सर्व्हिसला तारे द्या. मी विचार केला, पोरगा उत्तम, पण हार्नेस नाही, वेळापत्रक अशक्य, विक्रीची जबरदस्ती, दोनदा खोटं ‘घर बंद’. हे कंपनीला कळायला हवं. म्हणून तीन तारे दिले आणि खाली सविस्तर लिहिलं. पहिलीच ओळ होती, ‘टेक्निशियनचं काम अतिशय चांगलं, तक्रार कंपनीच्या पद्धतीबद्दल आहे.’

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. आवाज रडवेला नव्हता, थकलेला होता. “काका, माझ्याकडून काही चुकलं काय?” मी म्हटलं, नाही रे बाबा, मी तर तुझं कौतुक लिहिलं. तो म्हणाला, “लिहिलेलं कोणी वाचत नाही जी. चारच्या खाली आलं की दोन दिवस कॉल बंद होते.”

एप्रिलमध्ये दोन दिवस कॉल बंद म्हणजे त्याच्या हिशेबाने बारा-चौदा फिटिंगचे पैसे. माझ्या तीन ताऱ्यांचे.

त्या दिवशी मी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सगळं सांगा. पहिल्याने माफी मागितली आणि म्हणाला, टेक्निशियनवर योग्य ती कारवाई करू. मी म्हटलं, अहो, कारवाई नको आहे, तेच सांगून राहिलो! दुसऱ्याने रेटिंग बदलता येत नाही म्हणून सांगितलं. तिसरी मुलगी समजूतदार होती, तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, “सर, आमच्याकडे तक्रारीच्या यादीत टेक्निशियनचं वागणं, उशीर, जास्त पैसे घेतले, काम नीट नाही एवढेच पर्याय आहेत.” कंपनीबद्दलची तक्रार नोंदवायला रकानाच नाही. चौथ्या फोनला एक तक्रार क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. काय सोडवलं ते कुणी सांगितलं नाही.

मी त्याला सांगितलं, तुझे बुडालेले पैसे मी देतो. घेतले नाहीत. “काका, तुम्ही जेवू घातलं,” म्हणाला आणि फोन ठेवला.

याच काळात शेजारच्या फ्लॅटमध्ये प्युरिफायर बसवायला दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा आला होता. दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं, आणि दोन्हीत धातूच्या दांड्यांचं एक यंत्र बुडवून करंट दिला. नळाचं पाणी तपकिरी गढूळ झालं. शेजारीण घाबरली, काय पाणी पितो आपण! मी तिला समजावलं की तो गाळ पाण्यातला नाही, दांडीचं लोखंड गंजून उतरलेलं आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून करंट जातो, मशीनच्या पाण्यात ते जवळपास नसतात म्हणून काही होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आणि त्याच्याच मीटरवर आमच्या नळाचा आकडा त्याच्या कितीतरी खाली होता. तो मुलगा जिन्यात मला म्हणाला, हे दाखवल्याचा फोटो टाकावा लागतो. शरमला होता. शिकलेल्या, हाताला काम येत असलेल्या मुलांना रोज दहा घरी जाऊन हे करायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांच्या, म्हणजे पगाराऐवजी कामागणिक पैसे मिळणाऱ्यांच्या, सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची मर्यादा धरून. वाचून बरं वाटलं. पण हा पोरगा त्यात कुठे बसतो? ॲप कंपनीचं, शर्ट कंपनीचा, पैसे देणारा ठेकेदार आणि कागद कुणाचाच नाही. निदान नियुक्तिपत्र मिळालं का हे विचारायला मी त्याला फोन केला होता. नंबर बंद होता.

ग्राहक म्हणून काय करता येतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. युनिट बाहेरच्या भिंतीवर जाणार असेल तर आधीच वॉचमन किंवा घरातला दणकट माणूस हाताशी ठेवा, आणि माणसाला दोरी-पट्ट्याशिवाय छज्ज्यावर उतरू देऊ नका, काम दुसऱ्या दिवशी गेलं तरी चालेल. शक्य असेल तर फिटिंग गॅलरीत किंवा गच्चीवर घ्या, पाइपचे जास्त पैसे लागले तरी. व्हॅक्यूम पंप लावायला सांगा आणि त्या वेळात त्याला जेवू द्या. नको असलेली वस्तू शांतपणे नाही म्हणा, तो वाचून दाखवतो त्यात त्याचा दोष नाही. कंपनी ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि तिथे तक्रार कंपनीच्या नावाने नोंदवली जाते. मला हे तेव्हा सुचलं नाही.

या फेब्रुवारीत उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगला कॉल लावला. वेगळाच पोट्टा आला, जेमतेम एकोणीस-वीसचा, तोच शर्ट, तशीच बॅग, एकटा. आधीच्याचं वर्णन करून विचारलं तर म्हणाला, “त्याने सोडलं काका, दिवाळीच्या आधी.” कुठे गेला ते त्याला माहीत नव्हतं. बाहेरच्या युनिटची कॉइल धुवायला तो खिडकीकडे वळला तेव्हा हार्नेस मी आधीच काढून खुर्चीवर ठेवला होता. बकल लावून दिलं, हूक कॉलमला अडकवला. त्यानेही तोच फॉर्म वाचला, फ्रिजच्या वयापर्यंत. मी सगळी उत्तरं दिली, एएमसीला नाही म्हटलं, कारणाच्या जागी ‘ग्राहकाने नकार दिला, टेक्निशियनने पूर्ण माहिती सांगितली’ असं त्याच्याकडून टाइप करून घेतलं.

रात्री ताऱ्यांचा मेसेज आला. पाच दिले, खाली एक अक्षर लिहिलं नाही. जे लिहायचं होतं ते इथे लिहिलं आहे.